‘काज शेष’ आणि ‘काम शेष’

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोलकाता शहराच्या पूर्वेला न्यू टाउन नावाची वसाहत आहे. राजारहाटच्या शेतजमिनींवर आणि पाणथळ पट्ट्यावर ती उभी राहिली. ती उभारणारे ‘हिडको’ हे सरकारी महामंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले. रवींद्रतीर्थ आणि नझरुलतीर्थ अशी तिथल्या सांस्कृतिक केंद्रांची नावे आहेत, आणि टी.सी.एस. या संगणक कंपनीच्या तिथल्या भल्यामोठ्या कार्यालयाचे नावही ‘गीतांजली पार्क’ असे आहे. पलीकडे सॉल्ट लेकचा सेक्टर पाच. हिंजवडी आणि खराडी ही नावे आज मराठी घरांत जशी रोज उच्चारली जातात, तशी बंगाली घरांत ही दोन.

हिंजवडीहून बदली होऊन तिकडे गेलेल्या मराठी मुलाच्या कानावर पहिल्याच आठवड्यात दोन शब्द पडतात : ‘काज शेष’. मराठी कान म्हणतो, काम शिल्लक आहे. गणितात वजाबाकीनंतर जे उरते ते शेष, खात्यात जी उरते ती शेष रक्कम. बंगाली सहकाऱ्याला मात्र सांगायचे असते की काम संपले. शब्द एक, मूळ एक, उच्चारही जवळजवळ तोच. अर्थ नेमका उलटा.

हे एकच उदाहरण असते तर गंमत म्हणून सोडून देता आले असते. परंतु बंगाली माणूस ‘चेष्टा करछि’ म्हणतो तेव्हा तो थट्टा करत नसतो, प्रयत्न करत असतो. त्याचा ‘अभिमान’ म्हणजे गर्व नव्हे, तर आपल्या माणसाने दुखावल्यावर मनात दाटून येणारा रुसवा. त्याने ‘काल’ देतो असे म्हटले की मराठी माणूस गोंधळतो, कारण बंगालीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. यावर मराठी माणसाने फार हसू नये. आपला ‘परवा’ अगदी तसाच दुतोंडी आहे. आणि शाळेच्या व्यासपीठावरून सांगताना संकोच वाटावा असा शब्द म्हणजे ‘शिक्षा’. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण.

शब्द प्रवासात बदलतात हे बंगाल आणि महाराष्ट्र यांच्यात तरी नवे नाही. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार तो आपल्याकडे बारगीर. अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या आणि त्याच बारगिराचा तिकडे ‘बर्गी’ झाला. मुलांना झोपवताना ज्याची भीती घालावी असा लुटारू. इकडच्या पगारपत्रकातला एक साधा हुद्दा तिकडच्या अंगाईत जाऊन बसला. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की निरोप घेताना ‘जातो’ म्हणणे मराठीत जसे अशुभ, तसेच बंगालीतही. आपण ‘येतो’ म्हणतो, ते ‘आशि’ म्हणतात, आणि दोघेही निघून जातात.

न्यू टाउनच्या कार्यालयांत काम इंग्रजीत चालते, मग या शब्दांचा तिथे काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे. इंग्रजी शब्द ऐकणारा प्रत्येकजण तो आपल्या भाषेच्या कानानेच ऐकतो. आपला अभियंता ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ‘शंका’ हा मराठी शब्द असतो. म्हणजे एक साधा प्रश्न. सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाला वाटते, याचा आपल्यावर विश्वास नाही. ‘०८/०९’ ही तारीख मुंबईत आठ सप्टेंबर असते आणि न्यूयॉर्कमध्ये नऊ ऑगस्ट. येथे कोणाचेही इंग्रजी कच्चे नसते; कच्ची असते ती खात्री.

संगणकप्रणाली तयार होण्याआधी ती कोणासाठी, कशासाठी आणि नेमके काय करण्यासाठी हवी हे ठरवावे लागते. या ठरवण्याला त्या क्षेत्रात ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात. ‘गरज’ हा मराठी शब्द त्याला पुरत नाही, कारण गरज मनात असते आणि रिक्वायरमेंट ही दुसऱ्याला कळेल अशी सांगितलेली गरज असते. फ्रेड ब्रूक्स हे अमेरिकेतील जाणते संगणकशास्त्रज्ञ. प्रणाली बांधण्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे नेमके काय बांधायचे हे ठरवणे, असे मत त्यांनी १९८६ मध्येच मांडले होते. त्यानंतर यंत्रे कितीतरी वेगवान झाली. हा भाग मात्र होता तिथेच आहे.

पालकांना हे आपल्या शाळेच्या ग्रंथालयावरून अधिक स्पष्ट होईल. समजा, ग्रंथालयासाठी एक प्रणाली करून घ्यायची आहे आणि ग्रंथपालांनी कागदावर एक वाक्य लिहून दिले : पुस्तक उशिरा परत करणाऱ्या विद्यार्थ्यास दररोज एक रुपया दंड आकारावा. वाक्य शुद्ध आहे, व्याकरण निर्दोष आहे, अर्थ कोणालाही कळतो. आता हे वाक्य दूरच्या एखाद्या कार्यालयात, ज्याने हे ग्रंथालय कधी पाहिलेले नाही अशा मुलीच्या टेबलावर पोहोचते. ती प्रामाणिकपणे, वेळेत, उत्तम प्रणाली करून देते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते आणि पुस्तक घरी नेलेल्या प्रत्येक मुलाच्या नावावर सुट्टीतल्या सगळ्या दिवसांचा दंड चढलेला असतो. रविवारचाही. गोवर निघालेल्या मुलाचाही. ऐंशी रुपयांच्या पुस्तकाला दीडशे रुपये दंड, कारण कमाल मर्यादा कोणी सांगितलीच नव्हती. शिक्षकही पुस्तके नेतात. त्यांना दंड नाही, कारण वाक्यात ‘विद्यार्थ्यास’ असे आहे. (या शेवटच्या त्रुटीबद्दल शिक्षकवर्गाची तक्रार असण्याचे कारण नाही.)

चूक कोणाची? ग्रंथपालांना सुट्टीत दंड घ्यायचा नसतो हे इतके उघड होते की लिहावेसेच वाटले नाही. त्या मुलीला हे ग्रंथालय माहीत नव्हते, म्हणून विचारावेसेच वाटले नाही. जे एकाला उघड आणि दुसऱ्याला अज्ञात असते, ते दोघांच्या मधल्या जागेत पडून राहते. तिथून ते उचलायचे कसे हे व्याख्यान देऊन शिकवता येत नाही. खेळातून येते.

त्यासाठीचा एक खेळ मराठी अंगणातून सहज उचलता येतो. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाच्या हाती ठिपक्यांच्या रांगोळीचे चित्र, दुसऱ्याच्या हाती नुसते ठिपके असलेला कागद. सात ओळी, प्रत्येक ओळीत सात ठिपके. पहिल्याने चित्र पाहून सांगायचे, दुसऱ्याने ऐकून काढायचे. पहिल्या फेरीत ऐकणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. सांगणारा म्हणतो, ‘वरच्या ठिपक्यापासून खाली ये, मग बाजूला वळ, आता एक पाकळी काढ.’ वरचा ठिपका म्हणजे सातांपैकी कोणता? बाजूला म्हणजे डावीकडे की उजवीकडे? पाकळी दोन ठिपक्यांची की तीन? फेरी संपल्यावर दोन कागद शेजारी ठेवले की हशा पिकतो. हशा पिकू द्यावा. मात्र तिथेच थांबू नये.

दुसऱ्या फेरीत ऐकणाऱ्याला प्रश्न विचारण्याची मुभा. तिसऱ्या फेरीत आणखी एक अट : प्रत्येक रेघ काढण्यापूर्वी ऐकणाऱ्याने आपल्याला काय समजले ते आपल्या शब्दांत सांगायचे, आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय पेन टेकवायचे नाही. ही फेरी संथ होते, मुले कुरकुरतात. पण चाणाक्ष जोडी थोड्याच वेळात एक युक्ती काढते. रेघा बाजूला ठेवून ती आधी ठिपक्यांना नावे देते : ओळींना क, ख, ग, आणि प्रत्येक ओळीतल्या ठिपक्यांना डावीकडून एक ते सात. त्यानंतर ‘ख-तीनपासून ङ-तीनपर्यंत सरळ रेघ’ एवढे वाक्य पुरते. त्या दोघांनी काम सुरू करण्याआधी आपसांत एक छोटी भाषा ठरवलेली असते, आणि ती ठरवा असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. शिवकाळात फारसी-अरबी शब्दांनी भरलेल्या कारभारासाठी राज्यव्यवहारकोश सिद्ध करण्यात आला. सुमारे चौदाशे शब्दांचा. त्यामागे स्वभाषेचा अभिमान होता. मराठी अर्थाने. पण कोणत्या गोष्टीला काय म्हणायचे ते एकदा ठरवून टाकावे ही कारभाराची साधी गरजही अशा कोशाने भागते. सातवीतली मुले कागदावरच्या ठिपक्यांसाठी तेच करतात.

दुसरा खेळ टिचक्यांचा. एकाने मनात एखादे सर्वांना ठाऊक असलेले गाणे म्हणायचे आणि त्याचा ठेका बाकावर टिचक्यांनी वाजवायचा. दुसऱ्याने गाणे ओळखायचे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने हा प्रयोग केला. १२० गाणी वाजवली गेली. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. ओळखली गेली ती तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणे चालू असते, शब्दांसह, चालीसह. ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. आणि वाजवणाऱ्याला मनापासून आश्चर्य वाटते की याला एवढेही कसे कळत नाही! हे आश्चर्य शिक्षकांच्या चेहऱ्यावर दिसते, वडिलांच्या दिसते, ग्राहकाच्या दिसते, साहेबांच्या दिसते. या खेळात प्रत्येक मुलाला एकदा तरी वाजवणाऱ्याच्या जागी बसवावे, कारण ऐकणाऱ्याची अडचण मुलांना पूर्वीपासूनच चांगली ठाऊक असते.

तिसरा खेळ घरच्यांसाठी आहे. मुलाने पोहे कसे करायचे ते कागदावर लिहायचे आणि आईने किंवा वडिलांनी, आपल्याला काहीच माहीत नाही असे धरून, अक्षरशः तेवढेच करायचे. ‘कांदा घालावा’ असे लिहिले तर अख्खा कांदा, सालासकट. ‘पोहे भिजवावेत’ असे लिहिले तर पातेलेभर पाण्यात, आणि मग त्यांचा लगदा. ‘मीठ चवीनुसार’ या शब्दांपाशी तर खेळ थांबतोच. संगणकाला जीभ नसते. कार्यालयांतही हा ‘चवीनुसार’ निरनिराळ्या वेषांत हिंडत असतो : लवकर हवे, सोपे असावे, आकर्षक दिसावे, नेहमीप्रमाणे करावे. अशा शब्दापाशी थांबून ‘म्हणजे किती?’ असे विचारणारी व्यक्ती सभेत कोणाला आवडत नाही. पुढे प्रणाली बिघडते तेव्हा सर्वांना तिची आठवण होते. घरात आजी असतील तर त्यांना ‘अंदाजाने’ म्हणजे किती ते अवश्य विचारावे. त्या रागावतील, पण मुठीने मापून दाखवतील, आणि ते मोजमाप लिहून ठेवण्याजोगे असेल.

मनोऱ्याचा खेळ कंपन्यांत बराच प्रसिद्ध आहे : शिजवलेल्या नव्हे अशा स्पॅगेटीच्या वीस काड्या, थोडी चिकटपट्टी, थोडा दोरा आणि एक मऊ गोड मार्शमेलो, अठरा मिनिटांत उंचात उंच मनोरा उभा करून त्याच्या टोकावर तो मार्शमेलो ठेवायचा. पीटर स्किलमन यांनी तो रचला आणि टॉम वूजेक यांनी जगभर नेला. व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांपेक्षा बालवाडीतली मुले त्यात सरस ठरतात, असे वूजेक यांचे निरीक्षण आहे. मोठी माणसे शेवटच्या मिनिटाला मार्शमेलो वर ठेवतात आणि मनोरा कोसळतो. मुले पहिल्यापासून तो वर ठेवून पाहत राहतात.

कानगोष्टींचा खेळ मात्र या कामासाठी फारसा उपयोगाचा नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. निरोप पोहोचेपर्यंत बिघडतो एवढेच त्यातून कळते. ते तर सर्वांना ठाऊकच आहे. त्यात प्रश्न विचारायला बंदी असते, आणि तो मुद्दाम बिघडवण्यातच मुलांना खरा आनंद मिळतो. ‘ध’चा ‘मा’ ही मराठी माणसाला तोंडपाठ असलेली कथा याच जातीची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या मूळ आज्ञेतील एक अक्षर वाटेत बदलले गेले अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी हा इतिहासकारांचा प्रश्न. आपण मात्र दोनशे-अडीचशे वर्षे अक्षर कोणी बदलले याचीच चर्चा करत आलो. एवढी भयंकर आज्ञा हाती आल्यावर ‘आपली आज्ञा अशीच आहे ना?’ असे उलट विचारण्याची वहिवाट त्या दरबारात होती का, हे त्या कथेत कोणी विचारत नाही.

नुसते लेखी असून भागत नाही याचे अलीकडचे उदाहरण मंगळाजवळचे आहे. अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरताना नष्ट झाले. यान बांधणाऱ्या कंपनीची एक संगणकप्रणाली आकडे पौंडात देत होती आणि मार्गदर्शन करणारी मंडळी ते न्यूटनमध्ये आहेत असे समजत होती. एका पौंड-बलाचे सुमारे ४.४५ न्यूटन होतात. सुमारे नऊ महिन्यांच्या प्रवासात तो फरक साठत गेला. आकडे मेट्रिक पद्धतीत द्यावेत असे दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांत लिहिलेले होते. कागद होता, परंतु समोरच्याने त्यातून काय घेतले हे कोणी म्हणवून घेतले नव्हते.

याउलट आपल्या रेल्वेकडे पाहावे. एका स्टेशनच्या मास्तरांनी पुढच्या स्टेशनकडे गाडी सोडण्याची परवानगी मागितली की दोघांमध्ये ‘प्रायव्हेट नंबर’ची देवघेव होते आणि तो नोंदवहीत चढतो. समोरचे मास्तर वीस वर्षांनी ज्येष्ठ असोत की कालच रुजू झालेले असोत, नंबर द्यावा लागतो आणि लिहून घ्यावा लागतो. यात कोणाचा अपमान होत नाही, कारण ती रीत आहे.

आता शाळेविषयी. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा कंपनीच्या सभेत गप्प बसतो, याचे खापर पालक बहुधा इंग्रजीवर फोडतात. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. इंग्रजी तो वर्षभरात शिकतो. दहा-बारा वर्षे वर्गात बसून त्याने आत्मसात केलेली दुसरी एक गोष्ट सुटायला जास्त वेळ लागतो. शिक्षकांनी ‘समजलं का?’ असे विचारायचे आणि वर्गाने एका सुरात ‘होऽऽ बाई’ म्हणायचे. या प्रश्नाला दुसरे सभ्य उत्तर मराठी शाळेत उपलब्धच नाही. ‘नाही’ म्हणणारा मठ्ठ ठरतो, आणि ‘म्हणजे काय?’ असे पुन्हा विचारणारा आगाऊ. तोच मुलगा पुढे न्यू टाउनमध्ये किंवा हिंजवडीत ग्राहकासमोर बसतो, ग्राहक ‘इज इट क्लिअर?’ म्हणतो, आणि शाळेतले ‘होऽऽ बाई’ त्याच्या तोंडून अस्खलित इंग्रजीत बाहेर पडते. तीन महिन्यांनी कळते की दंड सुट्टीतही लागला.

यावर उपाय फार मोठा नाही, पण फुकटही नाही. ‘समजलं का?’ ऐवजी ‘काय समजलं ते सांग’ असे एका तरी मुलाला प्रत्येक तासाला विचारायचे ठरवले तर पस्तीस मिनिटांच्या तासातली चार-पाच मिनिटे जातात. वर्षाअखेरीस अभ्यासक्रम रेंगाळतो. रांगोळीच्या तीन फेऱ्यांना सलग दोन तास लागतात. नववीच्या वर्षी शाळेत खेळ कसले खेळवता, असे पालक विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे. गुणपत्रिकेत प्रश्न विचारण्याचा रकाना नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने माध्यमिकपूर्व वर्गांपासूनच कोडिंगची ओळख करून देण्यास सांगितले आहे, हे चांगलेच आहे. परंतु काय करायचे आहे हे न विचारता आज्ञावली लिहू लागणारी मुले घडली, तर ती दंडाची प्रणाली आणखी लहान वयात लिहू लागतील, इतकेच.

आणखी एक सावधगिरी. कंपन्यांत असे खेळ पुष्कळ होतात. वर्षातून एक दिवस, एखाद्या रिसॉर्टवर, अल्पोपाहारासह. छायाचित्रे निघतात आणि सोमवारी सर्वजण पूर्ववत ‘हो’ म्हणू लागतात. खेळानंतर अर्धा तास बसून, कोणत्या शब्दापाशी वाट चुकली आणि तिथे कोणी काय विचारायला हवे होते हे बोलले गेले नाही, तर तो खेळ करमणूक म्हणूनच मोजावा. शाळेतही वेगासाठी बक्षीस ठेवू नये. बक्षीस ठेवले की तिसऱ्या फेरीत ‘बरोबर ना?’ असे विचारणाऱ्या मुलीवर तिचाच गट ओरडतो.

माजी विद्यार्थ्यांकडे शाळेचे एक मागणे आहे, आणि ते देणगीचे नाही. आपल्या कामाच्या जागी, कोलकात्यात, पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात, ज्या शब्दामुळे एखादे काम फसले, निदान खोळंबले, तो शब्द पत्त्याएवढ्या कार्डावर लिहून शाळेकडे पाठवावा. कंपनीचे आणि माणसांचे नाव नको. पुढच्या बाजूला ज्या वाक्यात तो शब्द आला ते वाक्य लिहावे. मागची बाजू कोरी ठेवावी. पुढील सत्रापासून सातवी-आठवीच्या शनिवारच्या दोन तासिका या कार्डांसाठी ठेवल्या आहेत. मुले वाक्य वाचतील आणि त्यावर कोणते प्रश्न विचारायला हवे होते ते मागच्या बाजूला लिहितील. पहिली दोन कार्डे तयार आहेत : एकावर ‘काज शेष’, दुसऱ्यावर ग्रंथालयाच्या दंडाचे ते वाक्य.